कपाटातले पुस्तक कोणाच्या शब्दावर हलते?

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात चरित्रांच्या कपाटापुढे उभे राहिले, की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. नेहरू, सावरकर, आंबेडकर, गोळवलकर आणि डांगे एकाच कपाटात असतात, पुष्कळदा एकाच फळीवर. ज्यांचे अनुयायी बाहेर एकमेकांच्या मांडवात पाऊल ठेवत नाहीत, त्यांची पुस्तके इथे शेजारी शेजारी उभी असतात. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आणि मुंबईत वेगवेगळ्या विचारांची सरकारे आली आणि गेली. प्रत्येकाला यातली काही पुस्तके नकोशी असणारच. तरी बहुतेक ठिकाणी ती जागची हलली नाहीत. का हलली नाहीत? आणि उद्या कोणी हलवा म्हणाले, तर नाही म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथपालाच्या टेबलापाशी सापडते. आपण त्याला पुस्तक शोधून देणारा माणूस समजतो. पण कोणते पुस्तक घ्यायचे, कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, ते कुठल्या नावाखाली नोंदवायचे आणि कोणी काय वाचले हे कोणाला सांगायचे, हे निर्णय त्याच्या हातून सतत होत असतात. ते त्याने वाचकाची गरज आणि ग्रंथालयशास्त्र पाहून घ्यावेत, खुर्चीवर कोण बसले आहे ते पाहून नव्हे. ग्रंथपालाचे व्यावसायिक स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

राज्ये बदलली, वाचनालय राहिले

अहमदनगर जिल्हा वाचनालय 1838 मध्ये सुरू झाले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे होते. पुढे 1858 मध्ये कंपनी गेली, राणीचे राज्य आले. 1937 मध्ये मुंबई प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ आले, 1939 च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला आणि पुन्हा गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. 1947, 1960, आणीबाणी, त्यानंतरची आघाड्यांची सरकारे, आणि अलीकडे जिल्ह्याचे अहिल्यानगर हे नामांतर. इतक्या राजवटी एकाच संस्थेने पाहिल्या, त्यामुळे आपला प्रश्न तपासून पाहायला नगरइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

याच शहरातल्या भुईकोट किल्ल्यात 9 ऑगस्ट 1942 नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य कैदेत होते. पहिले काही आठवडे त्यांना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. पुस्तके आणि पत्रे सरकारी तपासणीतून आत जात. तरीही आत वाचन आणि लेखन जोरात चालले. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या काळात नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिले आणि मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही इथलीच. किल्ल्यात कोणते कागद जाऊ द्यायचे हे ठरवणारा तुरुंगाचा अधिकारी होता. गावात कोणती पुस्तके द्यायची हे ठरवणारा वाचनालयाचा माणूस होता. दोघांच्याही हातून पुस्तकेच जात होती, पण एकाचे काम अडवण्याचे आणि दुसऱ्याचे पोचवण्याचे. सत्तेला हा फरक पुसावासा वाटतो, तेव्हा ग्रंथपालाची खरी परीक्षा सुरू होते.

सरकार बदलल्याचा फटका ग्रंथालयांना पहिल्यांदा बसला तो बंदीच्या रूपात नव्हे, तर थांबलेल्या योजनेच्या रूपात. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने 1939 मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. राज्यापासून गावापर्यंत ग्रंथालयांची साखळी उभारण्याचा आराखडा तिने 1940 मध्ये दिला. तोवर मंत्रिमंडळ गेलेले होते. महायुद्ध आणि गव्हर्नरी कारभार यांत तो कागद पडून राहिला आणि लोकांचे सरकार परत आल्यावर, 1946-47 च्या सुमारास, अंमलबजावणीला हात लागला. त्या योजनेने नवी सरकारी ग्रंथालये काढण्याऐवजी गावोगावच्या जुन्या लोकसंस्थांनाच अनुदान देऊन जिल्हा ग्रंथालये मानले. आज महाराष्ट्राच्या ग्रंथपालाची जी स्थिती आहे, तिचे मूळ या एका निर्णयात आहे.

पगार कोणाचा, शब्द कोणाचा

कर्नाटक किंवा तामिळनाडूत सार्वजनिक ग्रंथालय हे मुख्यतः सरकारी खाते चालवते. कराच्या जोडीला ग्रंथालय उपकर असतो आणि ग्रंथपाल सरकारी नोकर असतो. महाराष्ट्रात मूठभर शासकीय ग्रंथालये सोडली, तर हजारो सार्वजनिक ग्रंथालये ही नोंदणीकृत संस्था आहेत. वर्गणीदार सभासद असतात, ते कार्यकारी मंडळ निवडतात, मंडळ ग्रंथपाल नेमते आणि सरकार वर्षाला अनुदान देते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. तो 1 मे 1968 पासून लागू झाला. त्यात उपकर नाही. पुस्तके, सभासद, वृत्तपत्रे, उघडे राहण्याच्या वेळा वगैरे पाहून ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. ग्रंथालय संचालनालयाचे अधिकारी तपासणीला येतात. कायद्याने नेमलेल्या राज्य ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद मंत्र्याकडे असते.

या रचनेचा ग्रंथपालावर काय परिणाम होतो? सरकारी नोकराला सेवानियमांचे कवच असते. गावातला पुढारी त्याला काढू शकत नाही, पण मंत्रालयातून आलेला शब्द त्याला टाळता येत नाही. बदलीची तलवार डोक्यावर असते. संस्थेच्या ग्रंथपालाचे याच्या अगदी उलट. मुंबईत सरकार बदलले म्हणून त्याची बदली होत नाही, कारण तो सरकारचा नोकर नाही. पण तो मंडळाचा नोकर आहे, आणि तालुक्याच्या गावी मंडळाचे अध्यक्ष अनेकदा साखर कारखाना, पतसंस्था किंवा पंचायत समितीच्या राजकारणातलेच असतात. मंत्रालयापासून तो सुरक्षित असतो, पण त्याच्या गल्लीतल्या राजकारणापासून त्याला वाचवणारे कोणी नसते.

नगर जिल्ह्याच्या राजकारणात सहकाराचे वजन सगळ्यांना माहीत आहे. त्या राजकारणाने अनेक गावांत वाचनालयाला जागा दिली, इमारत दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याने इमारत दिली त्याच्या विरोधातले पुस्तक किंवा पाक्षिक टेबलावर ठेवायला ग्रंथपालाला पाठबळ लागते, आणि ते पाठबळ कायदा त्याला देत नाही. 1967 च्या अधिनियमात परिषद, संचालनालय, जिल्हा समित्या, निधी या सगळ्यांची व्यवस्था आहे. ग्रंथपालाच्या व्यावसायिक निर्णयाला संरक्षण देणारे कलम मात्र त्यात नाही.

त्यात भर पगाराची. अनुदानाचा ठरावीक भागच वेतनावर खर्च करता येतो. 2012 मध्ये अनुदान वाढले, 2022 मध्ये आणखी 60 टक्के वाढवण्याचा निर्णय झाला, तरी गावातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाला पोटासाठी दुसरे काम करावेच लागते. वेतनश्रेणीची मागणी कर्मचारी कित्येक वर्षे करीत आहेत. मला ही मागणी केवळ पोटापाण्याची वाटत नाही. ज्याची नोकरी एका माणसाच्या नाराजीवर अवलंबून आहे, त्याच्याकडून निःपक्ष पुस्तकनिवडीची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

पुस्तक कपाटात येते कसे

पुस्तके येण्याच्या वाटा तीन. एक, संस्था आपल्या पैशांतून आणि अनुदानातून विकत घेते. दुसरी, राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान, म्हणजे 1972 मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची केंद्रीय संस्था, राज्याबरोबर मिळून पुस्तके पुरवते. तिसरी, वाचकांनी दिलेल्या भेटी. याशिवाय ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढते आणि अनुदानित ग्रंथालयांना खरेदीत ती पाहावी लागते.

आता यात दबाव कुठून शिरतो ते पाहा. पुस्तक काढून टाका, असे सांगणे धोक्याचे असते. वर्तमानपत्रात बातमी होते. यादीत एखादे पुस्तक न येणे याची बातमी होत नाही. वरून गठ्ठ्याने आलेल्या पुस्तकांत एकाच पुढाऱ्याची पाच चरित्रे आली, तरी कोणी तक्रार करीत नाही, फक्त तेवढी फळी भरते आणि दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. ग्रंथपालाच्या स्वातंत्र्यावरचा सगळ्यात मोठा आघात असा आवाज न करता होतो. म्हणून निवड तोंडी न होता लेखी धोरणाने व्हावी लागते. कोणत्या विषयाला किती पैसे, वाचकांच्या मागणीवहीला किती वजन, वादाच्या विषयावर निदान दोन बाजूंची पुस्तके, असे धोरण मंडळाने एकदा ठरावाने मंजूर केले, की मग ‘हे पुस्तक कशाला आणले?’ या प्रश्नाला ग्रंथपाल कागद दाखवून उत्तर देऊ शकतो.

बंदी म्हणजे नेमके काय

आपल्याकडे ‘त्या पुस्तकावर बंदी आहे’ हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. सावरकरांचे 1857 वरचे पुस्तक इंग्रज सरकारने 1909 मध्ये छापून बाहेर पडण्याआधीच बंद केले आणि ती बंदी 1946 मध्ये उठली. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ 1967 मध्ये सरकारजमा झाले आणि 1969 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर 2004 मध्ये राज्य सरकारने बंदी घातली. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तोही याच वादात, जानेवारी 2004 मध्ये. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ती बंदी उठवली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. या पुस्तकांशी आपण सहमत असू किंवा नसू, पण बंदी आली कागदाने आणि गेली कागदाने. मधल्या काळात ग्रंथपालाने पुस्तक बाजूला ठेवणे हे कायद्याचे पालन होते, आणि न्यायालयाचा निर्णय आल्यावरही ते कुलपातच ठेवणे म्हणजे स्वतः होऊन घातलेली बंदी.

सलमान रश्दींच्या कादंबरीची हकिगत तर प्रत्येक ग्रंथपालाने लक्षात ठेवावी अशी आहे. 1988 मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली तिच्या आयातीवर बंदी आली. त्या आदेशाला आव्हान दिले गेले तेव्हा सरकारी खात्यांना मूळ अधिसूचना सापडेना. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असे धरून चालावे लागेल.

*चौकट: पुस्तक सरकारजमा होण्याची पद्धत*

*हा अधिकार राज्य सरकारचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 95 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 98 लागू आहे. सरकारला कारणे देऊन अधिसूचना काढावी लागते. त्यानंतर पुस्तकाच्या सर्व प्रती सरकारजमा ठरतात. न्यायदंडाधिकाऱ्याच्या वॉरंटाने, फौजदाराच्या दर्जापेक्षा कमी नसलेला पोलीस अधिकारी प्रत शोधायला आवारात येऊ शकतो. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते आणि ती तीन न्यायाधीशांचे विशेष पीठ ऐकते. अध्यक्षांचा फोन, संघटनेचे निवेदन, कार्यकर्त्यांचा घोळका यांपैकी काहीही या पद्धतीत बसत नाही.*

असा फोन आला तर ग्रंथपालाने काय करावे? अधिसूचनेची प्रत मागावी. ती नसेल तर तक्रार लेखी घ्यावी, आवक रजिस्टरला नोंदवावी, पुस्तक निवड समितीपुढे ठेवावी आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहू द्यावे. ही पद्धत मंडळाने आधीच ठरवलेली असली, तर ‘मला अधिकार नाही, अर्ज द्या’ एवढे एक वाक्य ग्रंथपालाला पुरते. त्याला शूर असण्याची गरज पडत नाही. मला या सगळ्या विषयातले मर्म इथे वाटते: ग्रंथपालाचे स्वातंत्र्य त्याच्या धाडसावर सोडून चालत नाही, ते रजिस्टरात आणि ठरावात असावे लागते.

नाव बदलले, नोंद राहिली

सत्ताबदलाचा सगळ्यात जवळचा अनुभव सध्या नगरच्या ग्रंथपालांना येत असणार. अहमदनगर हे नाव निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्यावरून, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. राज्य सरकारने 2023 मध्ये नामांतराची घोषणा केली आणि 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. फलक, शिक्के, लेटरहेड बदलले. तालिकेचे, म्हणजे पुस्तकांच्या सूचीचे, काय करायचे?

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर खंड 1884 चा आहे. त्याच्या मुखपृष्ठावर अहमदनगर छापले आहे, ते अहमदनगरच राहणार, कारण शीर्षक हे पुस्तकाचे असते, सरकारचे नसते. पण उद्या कोणी विद्यार्थी जिल्ह्यावरची पुस्तके शोधायला आला, तर त्याला नव्या नावाने जुनी आणि जुन्या नावाने नवी पुस्तके सापडली पाहिजेत. त्यासाठी तालिकाकार ‘पाहा’ नोंद करतो. विषयाच्या जागी चालू अधिकृत नाव घेतो, आणि जुन्या नावाच्या पत्त्यावर लिहितो: अहमदनगर, पाहा अहिल्यानगर. संगणकावरच्या सूचीतही हीच सोय करता येते.

पुस्तकांच्या दाखल नोंदवहीचे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल, कारण ते सातबाऱ्यासारखे आहे. जमीन विकली तरी जुन्या मालकाचे नाव कोणी खरवडून काढीत नाही. त्याला कंस होतो आणि फेरफार क्रमांक लागतो. नोंदवहीतही पुस्तकाला एकदा दाखल क्रमांक पडला की तो कायमचा. पुस्तक हरवले, फाटले, वाळवी लागली, निर्लेखित झाले, तर शेऱ्याच्या रकान्यात कारण, तारीख, ठराव क्रमांक आणि सही येते. एखाद्या राजवटीत कोणी दहा पुस्तके गुपचूप गायब केली, तर पुढच्या वार्षिक मोजणीत दहा क्रमांक उघडे पडतात. नोंदवहीच्या अरुंद शेऱ्याच्या रकान्यात एवढी ताकद असते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते.

वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींचेही तसेच. आणीबाणी लागू झाल्यावर 28 जून 1975 च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ज्या ग्रंथालयाने तो अंक नेमाने फायलीत बांधला, त्याच्याकडे आज त्या कोऱ्या जागेचा पुरावा आहे. तिथल्या ग्रंथपालाने कुठले भाषण केले नाही, फक्त रोजचे काम चुकवले नाही.

गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय पोर्तुगीजांनी 1832 मध्ये सुरू केले. सालाझारच्या हुकूमशाहीत ते चालले, 1961 च्या मुक्तीनंतरही चालले, आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. राज्य गेले म्हणून पोर्तुगीज पुस्तके कोणी फेकली नाहीत. गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आज त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही.

कोणी काय वाचले

देवघेवीची वही आपल्याकडे काउंटरवर उघडी पडलेली असते. पुढे उभा असलेला कोणीही मागच्या वाचकाने काय नेले ते वाचू शकतो. हे थांबले पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले, आणि माणूस काय वाचतो याहून खासगी फार थोडे असते. पुस्तक परत आले की वाचकाचे नाव आणि पुस्तक यांचा संबंध संपवणारी पद्धत बसवणे अवघड नाही. कोणी चौकशीला आले, तर लेखी आदेशाशिवाय वही दाखवायची नाही, एवढा नियम पुरे.

ग्रंथपालच सत्तेला मिळाला तर

10 मे 1933 रोजी जर्मनीत विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या. त्या वेळी वापरलेल्या काळ्या याद्यांचा मुख्य कर्ता वोल्फगांग हेरमान हा बर्लिनमधला एक ग्रंथपाल होता. कोणते पुस्तक कुठे आहे हे ग्रंथपालाइतके कोणाला माहीत असते? म्हणून पुस्तके हुडकून नष्ट करण्यात त्याच्याइतका उपयोगी माणूस सत्तेला दुसरा मिळत नाही. लोकशाहीतही निर्धास्त राहण्यासारखे नाही. अमेरिकेत काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांची 2016 मध्ये दहा वर्षांसाठी नेमणूक झाली होती. मे 2025 मध्ये, मुदत संपण्याआधी, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून आलेल्या एका ईमेलने त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

सार्वजनिक ग्रंथालयातील संग्रहावर वैचारिक, राजकीय वा धार्मिक कोणतीही सेन्सॉरशिप असू नये, असे युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात म्हटले आहे. 2022 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. पण जाहीरनामा पॅरिसमध्ये असून कर्जत-जामखेडच्या ग्रंथपालाला उपयोग नाही. तो आपल्या संस्थेच्या ठरावात यायला हवा, आणि राज्याच्या कायद्यातही.

कायदा बदलायला वेळ लागेल, ठरावाला लागत नाही. महाराष्ट्रातली ग्रंथालये सरकारी नसून सभासदांची आहेत, ही आपली जमेची बाजू आहे. वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा कोरम नसल्याने तहकूब होते आणि अर्ध्या तासाने चार-पाच जणांत उरकली जाते. तुम्ही सभासद असाल, तर यंदाच्या सभेला जा. तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा: पुस्तक निवडीचे लेखी धोरण, तक्रार आलेल्या पुस्तकाबाबतची पद्धत, आणि निवड समितीत ग्रंथपालाला मताचा अधिकार. सभेच्या तारखेआधी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.